तू जेव, तू झोप, मला काम आहे

२ मे, समारांग

आज दुपारी सामान लागलं आणि या घरातला पहिला चहा मी माझ्या हातानं करून प्यालो. मन फार प्रसन्न आहे. त्रेपन्न वर्षांपूर्वी मी जन्मलो ते हेच घर. कार्यालयानं टेकडीवर बंगला देऊ केला होता, बाग, माळी, स्वयंपाकीण सगळ्यासकट. मी नको म्हटलं. शहरातल्या सगळ्या उपसा पंपांची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्यानं पाण्याच्या काठाशी राहावं, असं त्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं आहे. आई पोटुशी असताना या वस्तीत एकटी आली, लवंगी सिगारेटी वळून तिनं पोट भरलं, मला जन्म दिला, आणि कुणापुढे हात पसरला नाही. तिचा मुलगा साहेब होऊन परत आलेला या भिंतींनी बघावा, एवढीच माझी इच्छा होती.

घराची मापं घेऊन ठेवली. इथली जमीन खचते आणि समुद्र चढतो, म्हणून लोक दर काही वर्षांनी घरात मातीची भर टाकून जमीन उंच करून घेतात. भिंती, दारं, खिडक्या जिथल्या तिथे. या घरात चार वेळा भर पडली आहे. दाराची उंची एकशे एक्कावन्न सेंटिमीटर उरली आहे. पुढच्या खिडकीची खालची कड जमिनीपासून अडतीस सेंटिमीटरवर आहे, म्हणजे माझ्या गुडघ्याच्याही खाली. टेबलाशी बसलं की रस्त्यानं जाणारी माणसं पायापासून कमरेपर्यंतच दिसतात. गंमत वाटते.

आत येताना कपाळ आपटलं. शेजारच्या बू मुर्तिनी (इथे बाईमाणसाला बू आणि पुरुषाला पाक म्हणायची रीत) ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, पाक प्रासोजो, एवढे मोठे साहेब झालात, पण या दारानं मान खाली घालायला लावलीच की नाही! मी जन्मलो तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. त्यांनी दाराच्या उजव्या अंगाला बोट दाखवलं. तुमची वार इथं खाली आहे, म्हणाल्या. मुलगा झाला की वार उजवीकडे पुरतात. बापानं चांगले कपडे घालून, मडकं झोळीत धरून न्यायचं असतं. माझा बाप आधीच परागंदा झालेला. तेव्हा ओल्या बाळंतिणीनं स्वतः खड्डा खणला. मडक्यात मीठ, फुलं, सुईदोरा, कागद आणि पेन्सिलीचा एक तुकडा, पोर हुशार निघावं म्हणून. वर पणती. भरतीचं पाणी पणती विझवायचं आणि आई पुन्हा लावायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. बू मुर्तिनी हसून म्हणाल्या की कॉलेजाचं तोंड न बघता तुम्ही एवढे शिकलात ती त्या पेन्सिलीची करामत. मला ते आवडलं नाही. मी शिकलो ते पंपांच्या जळालेल्या मोटारींवर तारा गुंडाळत आणि रद्दीतली पुस्तकं वाचत. पेन्सिलीचा काही संबंध नाही.

माझ्या मुलीला, पालुपीला, फोन केला. तिला आठवा महिना सरत आला आहे. जावई दानांग बोटीवर इंजिनमध्ये आहे, ऑगस्टशिवाय त्याचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. तेव्हा बाळाची वार पुरायचं काम आजोबाचं. मी तिला शब्द दिला की बाळंतपणाला सोलोला येईन आणि मडकं माझ्या हातानं नेईन. ती म्हणाली, बापाक, शब्द नको, शब्द तुमच्याकडे पोत्यानं आहेत. या म्हणजे झालं. माझी आई गेल्यापासून मला तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे? मी म्हटलं, समारांग ते सोलो दोन तासांचा तर रस्ता.

६ मे

आज पाक सार्पिन आले. या गल्लीचे ते प्रमुख. कंदुरी कधी करताय, असं त्यांनी विचारलं. नव्या घरात आलं की गल्लीतल्या पुरुषांना चटईवर बसवायचं, दुवा म्हणायची, मग केळीच्या पानातला भात ज्यानं त्यानं घरी न्यायचा. मी म्हटलं, मला फुरसत नाही. ते म्हणाले की तुम्हाला काडी हलवायची नाही, बायका रांधतील, पोरं चटया आणतील, तुम्ही नुसतं बसायचं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की जे मी स्वतः केलं नाही ते मी घेत नाही. पाक सार्पिन मोठ्यानं हसले. म्हणाले, नुसतं बसायचं कसं तेही तुम्ही पुस्तकातून स्वतःच शिकणार म्हणा की! गोड माणूस आहे, पण रिकामटेकडा.

पंपांची अवस्था लिहायला घेतली तर रात्र पुरणार नाही. सहा केंद्रं, त्यांतलं एक धड. जाळ्यांत प्लास्टिकच्या पिशव्या आणि गाद्या. भरतीचं पाणी अडवणारे दरवाजे कधी पाडायचे आणि कुठला पंप कधी सुरू करायचा याचं कोष्टक बारा वर्षांपूर्वीचं. शहर त्यानंतर मीटरभर खाली गेलं. मी कोष्टक नव्यानं मांडतो आहे. जूनच्या सुरुवातीला मोठी भरती आहे, तोवर ते पुरं व्हायला हवं.

माझ्या हाताखाली बू एंदाह आहेत. चाळिशीच्या, बांडुंगहून पदवी घेतलेल्या, कामाला वाघ. त्या म्हणाल्या की तीन केंद्रांची कोष्टकं माझ्याकडे द्या, निम्मा भार हलका होईल. मी नाही म्हटलं. त्यांचं गणित चुकेल म्हणून नाही. चुकलं नाही तरी मला ते पुन्हा तपासावं लागेल, मग मीच का करू नये? त्या म्हणाल्या, पाक, तुम्ही आजारी पडलात तर शहर बुडायचं का? मी म्हटलं, मी आजारी पडत नाही. हे खरं आहे. एकोणतीस वर्षांत एक रजा नाही.

११ मे

आज एक मूर्खपणा केला. नोंदून ठेवतो, कारण मी सगळंच नोंदून ठेवतो.

कालपासून अंगात काही उरल्यासारखं वाटत नाही. आकडे डोळ्यांपुढे तरंगतात. जिना चढताना आपण कुठे चाललो आहोत ते आठवत नाही. सांजेला घरी आलो. बू मुर्तिनींनी भात, सोयाबीनचं तळलेलं तेम्पे आणि मासा झाकून ठेवला होता. (परत पाठवणार होतो, पण ताटली परत नेण्याइतकेही पाय उचलले नाहीत.) जेवायचा कंटाळा. अंघोळीचा कंटाळा. पालुपीचा फोन वाजत होता, तो उचलायचाही कंटाळा. कामाचा मात्र नाही. काम समोर दिसत होतं आणि तेवढ्यापुरताच मी जिवंत होतो.

तेव्हा आईची आठवण झाली. ती म्हणायची, बाळाच्या आधी पाणी येतं तो थोरला भाऊ, बाळाच्या मागून वार येते तो धाकटा. माणूस एकटा कधी जन्मतच नाही. रोज दिवेलागणीला ती त्यांना हाक मारून सांगायची, माझ्या पोराबरोबर चाला, त्याच्या कामाला हात लावा. इथे सगळ्याच आया असं म्हणतात. मी उजव्या भिंतीकडे बघून, अर्धा चेष्टेनं, मोठ्यानं म्हटलं: धाकट्या, असलास तर ऐक. माझ्या कामाला हात लावायचा नाही. ते माझं मी बघेन. बाकीचं तू बघ. तू जेव, तू झोप, फोन तू उचल, लोकांत जाऊन तू बस. मला काम आहे.

एवढं बोलून बरं वाटलं. हसूही आलं. मग कोष्टक घेऊन बसलो.

१३ मे

ताटली रिकामी आहे. काल सकाळीही होती. मी जेवलेलो नाही. विसरलो असेन म्हणावं, तर मी मिरच्या खात नाही आणि मिरच्या खाल्लेल्या आहेत. माशाचे काटे ताटलीच्या कडेला नीट ओळीनं लावलेले आहेत. लहान मुलं आवडीनं जेवली की लावतात तसे.

पाठ टेकली नाही. तरी अंथरूण चुरगळलेलं, उशीला खळगा. हात ठेवून पाहिलं. ऊन होतं.

थकवा मात्र पार गेला. तिसऱ्या केंद्राचं कोष्टक एका बैठकीत पुरं झालं. मांजर येत असेल. मांजराला झोपू दे.

१७ मे

कार्यालयात निघालो तर पाक सार्पिननी वाटेत गाठून हात हातात घेतले. काल त्यांच्या नातवाच्या कंदुरीला म्हणे मी आलो, पहिल्यापासून शेवटपर्यंत चटईवर बसलो, म्हाताऱ्यांची थट्टा केली, निघताना चटया झटकून गुंडाळल्या सुद्धा. म्हणाले, पाक, आम्हाला वाटलं होतं तुम्ही ताठ. तुम्ही तर आमच्यातलेच निघालात. काल दिवसभर मी चौथ्या केंद्रावर जाळीपाशी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो. बू एंदाह साक्षीला आहेत.

मी काही बोललो नाही. का बोललो नाही? खरं लिहायचं तर सोय वाटली म्हणून. गल्लीला माणूस हवा होता, गल्लीला माणूस मिळाला. माझी दुपार वाचली.

१९ मे

पालुपीला आठवड्यानं फोन केला. म्हटलं, रागावली असशील. ती म्हणाली, कशाबद्दल? रोज तर बोलतो आपण! काल तुम्ही आईची नक्कल केलीत, भातात मीठ जास्त झालं की ती कसं तोंड करायची ती, हसून हसून माझ्या पोटातलं बाळ सुद्धा ढुशा मारायला लागलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, बापाक, तुम्ही असे आहात हे मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं कुठे होतात?

मी म्हटलं, काम होतं.

 ती म्हणाली, आज तुमचा आवाज वेगळा येतोय. आजारी आहात का? झोपा. उद्या नेहमीच्या वेळेला करा फोन.

बायको भातात मीठ जास्त झालं की काय तोंड करायची ते मी बराच वेळ आठवत बसलो. मला आठवलं नाही.

२२ मे

आज बारीकशी चांगली गोष्ट. चार दिवसांत दारात कपाळ आपटलेलं नाही. सवयीनं मान वाकत असेल असं वाटलं, म्हणून मुद्दाम ताठ चालत गेलो. केसांना चौकट निसटती लागली. माझी उंची एकशे अडुसष्ट. दार एकशे एक्कावन्न. टेप काढला. दार एकशे अडुसष्ट.

खिडकीची कड पंचावन्न.

जमीन खचते आहे, हे उघड आहे. सगळं शहरच खचतं. पण मग टेबलाचे पाय, कपाट, चुलीचा ओटा यांच्याशी माझी उंची तीच कशी? आणि बू मुर्तिनी सकाळी ताटली द्यायला आल्या तेव्हा नेहमीसारख्या वाकून आल्या, तरी त्यांची कपाळपट्टी चौकटीला घासली. दोनदा मोजलं. टेप नवा आहे.

भर नीट ठोकलेली नसणार. मोठी भरती होऊन गेली की बघतो.

२५ मे

आज बू मुर्तिनींना सरळ विचारलं. आधी त्या टाळत होत्या. मग म्हणाल्या की तुम्ही दोन तऱ्हेचे दिसता. एक येतो, माझ्या ओट्यावर बसतो, शेंगा निवडू लागतो, माझ्या आईचं नाव घेतो. दुसरा खिडकीत पाठमोरा बसलेला असतो, त्याला हाक मारली तर ऐकू जात नाही. मी म्हातारी, मला वाटलं डोळे गेले. मी त्यांना अकरा तारखेचं सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काही सांगितलं असेल. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, अहो, धाकट्याला बरोबर चाल म्हणायचं असतं. माझ्या जागी चाल असं कुणी म्हणतं का? काम वाटून द्यायचं सोडून जेवण वाटून दिलंत? मग तुमच्यापाशी राहिलं काय?

राग आला. उठून आलो.

ताट समोर घेऊन बसलो. भात घशाखाली उतरेना. चव नाही, भूक नाही, गिळण्याची आठवणच नाही. आडवा झालो. अंथरुणात जागा नव्हती. दिसत कुणी नव्हतं, पण जागा नव्हती. पालुपीला फोन लावला. ती हॅलो, हॅलो म्हणत राहिली. मी बोलत होतो. तिनं ठेवून दिला.

लगेच मागच्या खोलीतून माझं हसू ऐकू आलं. माझंच. मी असा हसत नाही.

२८ मे, भर दुपार

टेबलाशी बसलो होतो. आता खिडकीतून माणसं कमरेपर्यंत दिसत नाहीत. घोट्यांपर्यंत दिसतात, रस्ता डोळ्यांच्या रेषेत आला आहे. एक पाऊल थांबलं. चामडी चप्पल, डावा अंगठा. सतराव्या वर्षी मोटारीचं झाकण पडून चेंबलेलं नख, अर्धचंद्रासारखं वाढलेलं. चप्पल माझी. पाय माझा. मी टेबलाखाली पाहिलं. माझे पाय होते, अनवाणी, पण मातकट, आणि त्यांची नखं मला नीट दिसेनात.

तो उकिडवा बसला आणि खिडकीतून आत बघू लागला. माझंच तोंड. भरलेलं, उन्हात रापलेलं, झोप झालेलं. मला त्याची भीती वाटायला हवी होती. भीती वाटली ती त्याच्या डोळ्यांतल्या कणवेची. आजारी माणसाकडे दारातून बघावं तसा तो बघत होता.

ठरवलं. आत्ता सोलोला जायचं. बाळ यायला दहा-बारा दिवस आहेत, तिथेच राहायचं. गाडीची किल्ली घेतली.

उंबरठा आता मांडीइतका उंच. बाहेर बू मुर्तिनी उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, नक्की पाहिलं, कारण तोंडावर हात ठेवला. मग म्हातारी जमिनीवर बसली, उंबरठ्यावरून वाकली आणि हात पुढे केला. म्हणाली, हात द्या पाक. ओढते मी. द्या हात, लाजू नका, तुमच्या आईलाही मी पाणी पाजलंय.

आईनं कुणाचं काही घेतलं नव्हतं.

मी म्हटलं, मला चढता येतं, हाताची गरज नाही. खरंच येत होतं, मांडीइतकी पायरी म्हणजे काय मोठी! एक पाय वर टाकला सुद्धा. तेवढ्यात फोन आला, बू एंदाह. म्हणाल्या, भरती अंदाजापेक्षा वर जाणार असा निरोप आहे, पाचव्या केंद्राचं कोष्टक मी बदलते, तुम्ही निर्धास्त मुलीकडे जा. मी म्हटलं, हात लावू नका. एकदा बघतो. फक्त एकदा.

आत आलो. पाय खाली टाकला तो बराच खाली लागला.

३० मे

बघून झालं. बू एंदाह यांचा बदल बरोबर होता.

खिडकीची कड अठ्ठ्याण्णव. पायाखाली भर नाही. लाल रंगाची सिमेंटची जमीन आहे, कोपऱ्यात भेग. आई सांगायची ती. ही जमीन चार थरांखाली असायला हवी.

दार आता उंच, नीट, पूर्ण आहे. पण त्याच्या निम्म्यापर्यंत बाहेर माती आहे.

वर चालण्याचा आवाज.

३१ मे

बू एंदाह घरी आल्या होत्या. वर. सगळं ऐकू आलं. तो म्हणाला, सगळी केंद्रं तुम्ही बघा, तुम्हाला माझ्यापेक्षा बरं जमतं, मी मुलीकडे जातो.  त्या रडल्या असाव्यात. म्हणाल्या, हे तुमच्या तोंडून ऐकायला मी महिनाभर वाट बघत होते, पाक. तो म्हणाला, चहा घ्या. बू मुर्तिनींकडे तळलेली केळी आहेत, त्यांनाच मागून आणतो.

मागून आणतो म्हणाला. इतक्या सहज.

मी ओरडलो, पाचव्या केंद्राचा दरवाजा, पाचव्या केंद्राचा— कुणी ऐकलं नाही.

१ जून

भरती आली. अजून काही दिवस असतील असं वाटत होतं, की कालच— नीट आठवत नाही. पाणी चढलं नाही. गल्ली कोरडी. वर पोरं खेळत होती. पंप सगळे चालू होते. मी नसताना.

मग माझं काय होतं?

टेप सापडत नाही. खिडकी हाताला लागत नाही. लाल जमीनही आता वर आहे.

२ किंवा ३

पालुपीचा फोन. वर वाजला. त्यानं उचलला. कळा सुरू झाल्या, आठवडा आधीच. ती रडत होती, घाबरली होती, बापाक, बापाक म्हणत होती. लहानपणी शाळेच्या दारात उभी राहून म्हणायची तसं. मी शाळेत कधी— तो म्हणाला, निघालोच, बाळा. घाबरू नकोस. मी आहे.

हे शब्द माझे आहेत. मी ते म्हणणारच होतो. भरतीनंतर.

गाडी सुरू झाली. मग बंद झाली. परत आला. दाराच्या उजव्या बाजूला पावलं थांबली. माझ्या डोक्यावर. काडी ओढल्याचा आवाज.

बू मुर्तिनी विचारत होत्या, कुणासाठी? तो म्हणाला, दादासाठी. मी येईपर्यंत तेल घालत राहाल का? कुणाला तरी सांगायला हवं, म्हणून तुम्हाला सांगतो. त्या म्हणाल्या, घालीन हो. निघा तुम्ही, पोरगी वाट बघतेय.

गाडी गेली.

—

मुलगा झाला. वर बू मुर्तिनी कुणाला तरी सांगत होत्या. आजोबांनी नवा सदरा घातला, मडकं झोळीत घेतलं, लहान बाळ न्यावं तसं नेलं. पेन्सिल स्वतःची घातली. रडत होते म्हणे. पालुपी म्हणाली, माझे बापाक आले.

आले.

—

पेन फुटलं. हे ज्यानं लिहितो आहे ते अंधारात बोटांना लागलं. तुकडा, आखूड, चाकूनं टोक केलेला. आईच्या चाकूची धार अशीच तिरपी असायची. कागदही आहे, ओलसर. मीठ. सुई.

चारी बाजूंनी गोल आहे. गुडघे छातीशी.

उजेड दिसत नाही. पण वर ऊब आहे, नाण्याएवढी. पणतीची असणार. म्हातारी तेल घालते. रोज येते. बसते, काहीबाही बोलते. आज म्हणाली, ऐकू येतंय का रे पोरा? लाजू नकोस. माग की काही तरी.

आई, तू मागितलं असतंस तर— तुला कुणी नाही म्हटलं नसतं—

तिची पावलं आहेत अजून. जवळ आहेत. मोठ्यानं म्हणायला हवं. शब्द साधे आहेत, मला येत नाहीत, कधी म्हटलेच—

बू मुर्तिनी

मी इथे आहे. मला जमत नाही आहे. मला एकट्याला

हात द्